"कोणातले जी तुम्ही?"

आमच्या भागात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो गाव कोणतं, आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "कोणातले जी तुम्ही?" म्हणजे जात कोणती. दारव्हा-दिग्रस एसटीत शेजारी बसलेल्या बाईपासून तर शाळेतल्या पालकसभेपर्यंत हा प्रश्न काही चुकत नाही. मी "ख्रिश्चन" म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो. आडनाव इथलं, बोलणं वऱ्हाडी, डब्यात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. "आडनाव तं आपल्यातलंच वाटते, मंग येशूचं काऊन करता?" आणि लगेच पुढचं, "बरं, पण आधीचे कोणातले?" म्हणजे मी दिलेलं उत्तर त्यांनी घेतलेलंच नसतं. खरं उत्तर मागे कुठेतरी लपवून ठेवलंय आणि ते काढून घ्यायचंय, असा तो सूर असतो.

आमच्या मंडळीतली एक पोरगी पुण्यात नर्सिंगला आहे. परवा रात्री तिचा फोन आला, रडत होती. खोलीतल्या मुलींनी विचारलं, "नाव मराठी, आडनाव मराठी, मग काय मिळालं म्हणून झालीस ख्रिश्चन?" तिच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला होता, ती तर जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली. तिला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

बायकांच्या बाबतीत ओळख कपाळावरून ठरते. मी कुंकू लावत नाही, टिकली लावत नाही. सातबाराच्या कामासाठी एका सरकारी कार्यालयात गेले होते. खिडकीतल्या माणसाने माझ्या कपाळाकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि काही न विचारताच पलीकडच्या टेबलाकडे बोट केलं. "आत्महत्येच्या केसेस तिकडे आहेत ताई. मृत्यूचा दाखला आणला ना?" बोलणं मायेचंच होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. यवतमाळ जिल्ह्यात चाळिशीतली, मोकळ्या कपाळाची बाई सातबारा घेऊन आली की पाहणाऱ्याच्या मनात हाच अर्थ येतो, इतक्या घरांमध्ये ते घडून गेलंय. माझे मिस्टर तेव्हा बाहेर लिंबाखाली गाडी लावत होते.

ही गोष्ट ऐकली की शेजारणी म्हणतात, "एखांदी टिकली लावत जा ना बाई, लोकाइले समजते तरी." दुसरीकडे चर्चमधल्या काही बाया टिकली लावणाऱ्या सुनेकडे अशा बघतात, जणू ती विश्वासातून गेली. मला दोन्ही पटत नाही. टिकली लावणाऱ्या, मंगळसूत्रात क्रूसाचं पदक घालणाऱ्या ख्रिस्ती बाया मी पाहते. त्यांची प्रार्थना माझ्यापेक्षा खोल आहे. ज्याचं त्याने ठरवावं. पण नवरा जिवंत आहे एवढं लोकांना कळावं म्हणून मी कपाळ रंगवावं, हे मला मान्य नाही. आणि त्या खिडकीपाशी खरोखरच विधवा बाई उभी असती, तरी तिच्याबद्दल त्या माणसाला काय कळलं असतं? फक्त टेबल कळलं असतं. ती एकटीने कापूस वेचून घेते, मजुरांचे पैसे चुकते करते, सोसायटीचं कर्ज फेडते, पोरांना शिकवते, यातलं काहीच त्या मोकळ्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तिच्याबद्दलचा अंदाज बरोबर निघाला असता, तरी ती दिसली नसतीच.

बायबलातला शमुवेल संदेष्टा राजा निवडायला बेथलेहेमात इशायाच्या घरी गेला, ती गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. थोरला अलियाब उंच, देखणा. शमुवेलाला वाटलं, हाच. देव म्हणाला, माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. हे वाक्य आपण सगळेच ऐकवतो, पण त्याच्या पुढचं फार जण सांगत नाहीत. सात पोरं समोरून गेली, पण जो राजा व्हायचा होता त्या दाविदाला बोलावणंच नव्हतं. "अजून कोणी आहे का?" असं विचारल्यावर बापाच्या तोंडून निघालं, धाकटा आहे, मेंढरं राखतो. म्हणजे लोकांचं सोडा, सख्ख्या बापाच्या मोजणीतही तो नव्हता.

आणि आपला प्रभू? "नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का?" हे येशूच्या गावाबद्दल नथनेलाने त्याला भेटण्याआधीच म्हणून टाकलं होतं. विदर्भातल्या ज्या पोरापोरींनी पुण्या-मुंबईत "अच्छा, विदर्भातले का?" हे विशिष्ट आवाजात ऐकलंय, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे येशूने शिष्यांना विचारलं, लोक मला कोण म्हणतात? कोणी बाप्तिस्मा करणारा योहान म्हणत होतं, कोणी एलीया, कोणी संदेष्टा. सगळी मानाची नावं, आणि सगळी चुकलेली. नावं ठेवणारे चुकतात हे आपल्याला पटतं, पण मोठेपणा देणारेही तितकेच चुकू शकतात.

हल्ली मोबाईलवर सारखं ऐकू येतं, लोक काय म्हणतात ते सोडा, तुम्ही कोण आहात ते तुम्हीच ठरवा. पुण्याच्या त्या पोरीलाही मैत्रिणीने हेच सांगितलं. ऐकायला बरं वाटतं. पण माझं माझ्याबद्दलचं मत सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं. सोयाबीनला भाव मिळाला तर मी कर्तबगार, नाही मिळाला तर काहीच जमत नाही मला. त्याच्यावर आयुष्य कसं उभं करायचं? प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की तुम्ही माझा न्याय करावा याचं मला फार काही वाटत नाही, आणि मी स्वतःही स्वतःचा न्याय करत नाही. करणारा प्रभू आहे. त्या दुसऱ्या भागात मला खरा दिलासा आहे. बायबलातली शोमरोन प्रांतातली ती बाई भर दुपारी एकटी विहिरीवर आली होती. येशूला तिचे पाच नवरे माहीत होते, आता सोबत असलेला सहावा तिचा नवरा नाही हेही माहीत होतं, तरी तिच्याशी तो बोलत राहिला. सगळं माहीत असलेल्याने आपल्याला टाकलं नाही, हे कळल्यावर ती गावात पळत गेली आणि ज्या लोकांची नजर चुकवत होती त्यांनाच हाका मारू लागली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी तरुण मुलींना नेहमी देते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यातल्या लोकांनी त्यांना धर्म बुडवणारी ठरवलं, १८९३ मध्ये शारदासदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेतून कितीतरी मुली काढून नेल्या. आणि चर्चमधल्या इंग्रज भगिनींना त्या हट्टी, आज्ञा न पाळणाऱ्या वाटत. त्यांनी मांसाहार पत्करला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. दोन्हीकडच्या साच्यात न बसलेल्या या बाईने पुढे केडगावला बसून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं.

विदर्भाला तर हे नवीन असायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी समाजाने लादलेली ओळख उतरवून ठेवली. माणूस स्वतःहून वेगळा रस्ता धरतो तेव्हा त्याला काय मिळालं हे विचारण्याआधी त्याने काय नाकारलं हे विचारावं, एवढं तरी या मातीने शिकायला हवं होतं.

आता माझ्या लोकांशी बोलते, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागतं. अनुसूचित जातीतल्या काही कुटुंबांचं कागदावर एक धर्म आणि चर्चमध्ये दुसरा असं चालतं. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या सरकारी आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर त्या जातीची सवलत राहत नाही. लेकराची शिष्यवृत्ती पणाला लागलेली असताना त्या आईबापांना ढोंगी म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण लग्न जमवताना काय होतं? तिथे कुठला सरकारी आदेश असतो? रविवारी आपण गलतीकरांस पत्रातून वाचतो, यहूदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, सगळे ख्रिस्तात एक. आणि उपासना सुटल्यावर चर्चच्याच पायऱ्यांवर मुलीच्या बापाला विचारतो, "मूळचे कोणातले?" एसटीतल्या बाईने विचारलं तर आपल्याला राग येतो, तिला तर बिचारीला गलतीकर माहीतही नाही. आपल्याला माहीत असून आपण विचारतो. चांगली शिकलेली, प्रार्थनाशील पोरगी या एका प्रश्नावर नाकारलेली मी पाहिली आहे. तिच्या आईने नंतर महिनाभर उपासनेला येणं सोडलं होतं.

आमच्या चर्चच्या वधू-वर ग्रुपवर जो बायोडाटा फिरतो, त्यात शिक्षण, उंची, बाप्तिस्म्याची तारीख आणि त्याखाली "मूळ समाज" असा रकाना आहे. तो रकाना काढून टाका, ही मागणी मी महिला मंडळाच्या सभेत मांडली आहे. पाळकसाहेब म्हणाले, बघू. दोन आत्याबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी पुढच्या सभेतही हेच मांडणार आहे, आणि तोपर्यंत त्या रकान्यासकट आलेला बायोडाटा माझ्या फोनवरून पुढे जाणार नाही.