आईस हॉकीचे साडेसहा कोटी आणि नाशिकची मुलं

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. थोडक्यात त्यात असं आहे: ‘तुमच्या मुलाला स्केटिंग येतं? मग क्रिकेटच्या गर्दीत कशाला घालता? अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या आईस हॉकी लीगमध्ये सर्वांत कमी पगार साडेसहा कोटी आहे. एकदा ड्राफ्टमध्ये नाव आलं की जन्माची ददात मिटली. चाकांवर पळणारं पोर बर्फावर महिन्याभरात पळतं. हेल्मेट-पॅड असल्यामुळे खेळ क्रिकेटपेक्षा सुरक्षित. वाळवंटातला ऑस्टन मॅथ्यूज जगात पहिला येतो, दुष्काळी चांदवडचा दत्तू भोकनळ ऑलिंपिकला जातो, मग आपला मुलगा का नाही?’ आणि खाली वर्षभराची फी आगाऊ भरण्याचं आवाहन.

मी मुलांना स्केटिंग शिकवतो. हा मेसेज दाखवून ‘सर, घालू का?’ असं विचारणारे पालक रोज भेटतात, म्हणून सविस्तर लिहितोय. आईस हॉकी मला मनापासून आवडते. म्हणूनच तिच्या नावावर चाललेली ही दिशाभूल सहन होत नाही.

पगारापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांची नजर तिथेच अडकते. आकडा खोटा नाही. २०२४-२५ च्या मोसमात एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता, म्हणजे साधारण साडेसहा कोटी रुपये. फॉरवर्डने सांगितलं नाही ते हे, की हा पगार दिवसावर मोजला जातो. खेळाडू जितके दिवस एनएचएल संघाच्या यादीत, तितक्याच दिवसांचा पैसा. यादीत जागा तेवीस, संघ बत्तीस. म्हणजे अख्ख्या जगात एका वेळी जेमतेम सातशे छत्तीस जागा. नवख्या खेळाडूंचा करार बहुधा दुहेरी असतो: वरच्या संघात असताना एक दर, खालच्या एएचएल लीगमध्ये धाडलं की दुसरा, कितीतरी कमी. आज वरच्या संघात खेळलेला पोरगा उद्या सकाळी फोन आल्यावर बॅग भरून दुसऱ्या शहरात जातो आणि त्या दिवसापासून त्याचा दर बदलतो. शिवाय प्रत्येक पगारातून काही हिस्सा राखून ठेवला जातो. लीगच्या उत्पन्नाची मालक आणि खेळाडूंमध्ये निम्मी-निम्मी वाटणी ठरलेली आहे. खेळाडूंचा वाटा निम्म्याहून जास्त झाला तर वरचा पैसा त्या राखीव रकमेतून मालकांकडे जातो. मग कर, ज्या ज्या राज्यात सामना खेळला तिथलाही, आणि एजंटची टक्केवारी. हे सगळं वजा करून हातात बरंच उरतं, नाही असं नाही. पण ते त्या सातशे छत्तीस जणांच्या हातात, आणि तेही जागा टिकेपर्यंत.

ड्राफ्टचं तर पार उलटं सांगितलंय. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. त्याच्या सात फेऱ्या होतात, दरवर्षी सव्वादोनशेच्या आसपास नावं पुकारली जातात. नाव पुकारलं म्हणजे त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या क्लबला मिळाला, एवढंच. करार होईपर्यंत मुलाला त्यातून पगार नाही. भारतीय वंशाच्या खेळाडूंकडेच बघा. मॅनी मल्होत्रा १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनएचएलचे ९९१ सामने खेळला. जुझार खैराची २०१२ मध्ये त्रेसष्टावा म्हणून निवड झाली, पण पहिला सामना २०१५ मध्ये मिळाला. अर्शदीप बैन्सचं नाव ड्राफ्टमध्ये कधी आलंच नाही. २०२२ मध्ये त्याने थेट करार मिळवला आणि २०२४ मध्ये मैदानात उतरला. या सगळ्यांच्या आधीचा रॉबिन बावा, १९८९ मध्ये एनएचएल खेळलेला पहिला पंजाबी वंशाचा खेळाडू. त्याचीही ड्राफ्टमध्ये निवड झालेली नव्हती. चार संघांकडून मिळून त्याला ६१ सामने मिळाले. बाकी कारकीर्द खालच्या लीगमध्ये गेली. हे चौघेही कॅनडात जन्मले, कॅनडात वाढले. भारतात हा खेळ शिकून एनएचएलपर्यंत पोहोचलेला एकही खेळाडू आजवर झालेला नाही, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच वाक्य नाही.

मॅथ्यूजचं उदाहरण ऐकायला छान वाटतं. तो अ‍ॅरिझोनात वाढला हे खरं. पण तिथे फीनिक्सला १९९६ मध्येच एनएचएलचा संघ आला होता, मॅथ्यूजच्या जन्माच्या आधी. संघाबरोबर रिंक आली, कोच आले, मुलांचे संघ उभे राहिले. वाळवंट बाहेर होतं. पोरगा लहानपणापासून बर्फावरच होता. पुढे तो मिशिगनला राष्ट्रीय विकास संघात गेला, मग एक मोसम झुरिकमध्ये मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. नाशिकमध्ये हॉकी खेळता येईल एवढी बर्फाची रिंक नाही. मे महिन्यात गंगापूर रोडच्या डांबरावर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे अंतर कळेल.

चाकांवरून बर्फावर महिन्याभरात, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात मुलांना इजा होते. चाकांवर थांबायचं तर आमची मुलं मागचा पाय आडवा करून चाकं घासतात. बर्फावर खेळाडू दोन्ही पाय एकदम आडवे फिरवतो आणि ब्लेडने बर्फाचा वरचा थर खरवडून जागच्या जागी उभा राहतो. ब्लेड जेमतेम तीन मिलिमीटर जाड. ती मधोमध पोकळ घासतात, त्यामुळे तिला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. वळणं, वेग, मागे जाणं, धक्का पचवणं, सगळं कुठल्या क्षणी कुठल्या धारेवर वजन टाकलं यावर चालतं. हे अंगात मुरायला वर्षं लागतात. त्यावर एक खेळाडू एका दमात साधारण पाऊण मिनिटच मैदानात असतो, कारण पूर्ण जोर लावून त्याहून जास्त टिकत नाही. चाकांचा फायदा होतोच: तोल येतो, पायांत ताकद येते, काठी हाताळायची सवय लागते. पण तो पाया आहे, त्यावरचं घर बर्फावरच बांधावं लागतं.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. पक म्हणजे टणक रबराची चकती, वजन १७० ग्रॅमच्या आसपास, सामन्याआधी गोठवलेली. याच मल्होत्राच्या डोळ्याला मार्च २०११ मध्ये पक लागला. सिडनी क्रॉसबीसारखा खेळाडू डोक्याच्या मारामुळे जानेवारी २०११ पासून दहा महिने बाहेर बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात अ‍ॅडम जॉन्सनच्या गळ्याला दुसऱ्या खेळाडूच्या स्केटची धार लागली आणि तो गेला. लहान मुलांच्या खेळात धक्के कमी असतात, योग्य साहित्य घेऊन ती जरूर खेळू शकतात. ‘क्रिकेटपेक्षा सुरक्षित’ मात्र कुणी म्हणू नये.

आता दत्तू भोकनळ. त्याचं नाव अशा जाहिरातीत बघून वाईट वाटलं. तळेगाव रोहीचा दत्तू सैन्यात भरती झाला आणि रोइंग तिथे, पुण्यात, शिकला. वयाची विशी ओलांडल्यावर होडीत बसून तो २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत गेला, २०१८ च्या एशियाडमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. उंची, दमसास आणि सैन्याने दिलेलं पूर्णवेळ प्रशिक्षण यावर रोइंगमध्ये हे जमू शकतं. बर्फावरची धार विशीत सुरू करून त्या दर्जाची येत नाही. आणि दत्तूने घरच्यांकडून आगाऊ फी भरून हे केलेलं नाही.

भारतात आईस हॉकी आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. तिचं घर लडाख. गोठलेल्या तळ्यांवर हिवाळ्याचे मोजके आठवडे खेळून तिथल्या मुलींनी राष्ट्रीय संघ उभा केला, २०१७ मध्ये फिलिपिन्सला हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, २०२५ च्या आशिया चषकात कांस्य आणलं. त्यांच्यातल्या अनेकींना आधार मिळाला तो आयटीबीपी या सीमा पोलिस दलातल्या नोकरीचा. आता लेहला कृत्रिम बर्फाची रिंक आहे, डेहराडूनची बरीच वर्षं बंद पडलेली रिंकही २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नाशिकच्या मुलाला हा खेळ खरंच आवडत असेल तर इथे इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरची हॉकी, खेळू दे, जमलं तर सुट्टीत डेहराडूनला नेऊन त्याला बर्फावर उभं करा. आवडलं तर पुढचं बघता येईल.

आणि ज्याने तो मेसेज पाठवला त्याला पैसे देण्याआधी विचारा: वर्षात प्रत्यक्ष बर्फावर किती तास, कुठल्या रिंकमध्ये? कोच स्वतः बर्फावर कुठे खेळलाय? प्रवास आणि साहित्याचा खर्च फीमध्ये धरलाय का? मुलाने मध्येच सोडलं तर किती पैसे परत? उत्तरं लेखी मागा.