पैसे मोजून घेतलेलं वाद्य मुकं करायचा हक्क या सॉफ्टवेअर कंपन्यांना दिला कुणी?

काल रात्री नऊला बसलो, पहाटे चारला उठलो, आणि हातात काहीही नाही. डोकं अजून भणभणतंय.

काम केवढं? 2009 मध्ये एका ताईंसाठी कॉम्प्युटरवर भक्तिगीतांचे ट्रॅक, म्हणजे गाण्यामागचं संगीत, केले होते. आता त्यांचा आवाज खाली आलाय. फोनवर म्हणाल्या, "अरे, काळी चार आता झेपत नाही, पांढरी चार करून दे." म्हणजे पट्टी दीड स्वर उतरवायची. सगळ्या नोटा सिलेक्ट करून तीन घरं खाली आणायच्या, दहा मिनिटांचं काम. प्रोजेक्ट उघडला तर 'प्लगइन सापडला नाही'. प्लगइन म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं, कॉम्प्युटरवरच वाजणारं वाद्य. एकदा नाही, सात ट्रॅकवर सात वेळा!

नोटा जागच्या जागी आहेत. आवाज मात्र गेला. दोन रात्री बसून तो घडवला होता मी; फिल्टर किती उघडायचा, सूर किती संथ उमलायचा, सगळं. हे सगळं प्रोजेक्टमध्ये एका गठ्ठ्यात बांधलेलं असतं आणि तो गठ्ठा फक्त त्याच प्लगइनला सोडता येतो. जुनं तयार मिक्स आहे, पण तेच ताणून खाली आणलं की तबला भदभदतो. तो तबला ताईंच्या मागे लावू? लाज नाही वाटणार मला?

प्लगइन 32 बिटचा, आताचं सॉफ्टवेअर 64 बिटचं. थेट चालतच नाही, मध्ये जेब्रिज नावाच्या सॉफ्टवेअरसारखा पूल बांधावा लागतो. बांधला. प्लगइनची खिडकी उघडली ती कोरी पांढरी. परत टाकला, तर खिडकी दिसली आणि त्यात लिहिलेलं: ॲक्टिव्हेट करा.

इथे माझं टाळकं सरकलं. सीरियल नंबर माझ्याकडे आहे, बिल आहे, डबासुद्धा माळ्यावर आहे. पण कोड द्यायचा कंपनीच्या वेबसाइटवर, आणि ती वेबसाइटच राहिलेली नाही. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, तिने हा सिंथ, म्हणजे हेच प्लगइन वाद्य, बंद केला, सर्व्हरही बंद केला. मेल केला तर उत्तर आलं की हे उत्पादन आता सपोर्टमध्ये नाही, नवीन घ्या. अरे, नवीन घेऊन काय करू? त्यात माझा जुना गठ्ठा उघडणारच नाही! सर्व्हर बंद करताना शेवटचा एक कुलूप नसलेला इन्स्टॉलर काढून ठेवायला काय जात होतं यांचं? ज्यांनी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, वापरला त्यांच्याकडे तो आजही वाजतोय. पैसे भरले म्हणून मी दारात उभा.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. व्हीएसटी म्हणजे प्लगइन सॉफ्टवेअरला जोडायची पद्धत. व्हीएसटी 3 आलं 2008 मध्ये, तरी पुढे कित्येक वर्षं लोक व्हीएसटी 2 वरच गाणी करत होते. आता सॉफ्टवेअरं एकेक करून व्हीएसटी 2 काढून टाकतायत. त्याच प्लगइनची व्हीएसटी 3 आवृत्ती असली, तरी बनवणाऱ्याने तशी सोय केली नसेल तर जुनी सेटिंगं त्यात येत नाहीत. मॅकवर तर 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून 32 बिटचं काहीच चालत नाही. अपडेटचं बटण एकदा दाबलं की दहा वर्षांची गाणी मुकी.

टेबलाखाली विंडोज 7 चं जुनं मशीन आहे. त्यात तो सिंथ ॲक्टिव्हेट केलेला आहे, पण पॉवर सप्लाय जळलाय. आज दुकान उघडलं की तो आणतो. मशीन चालू झालं तर ताईंचं गाणं उतरवून आधी सातही ट्रॅक वेगवेगळे वेव्हमध्ये, म्हणजे प्लगइनशिवाय वाजणाऱ्या साध्या ऑडिओ फाइलमध्ये, काढणार, मग बाकीचे सगळे प्रोजेक्ट. त्यांचा कार्यक्रम शनिवारी आहे.