विषय क्रमांक सहा : खुर्ची

सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त काल ग्रुपवर आलं. त्यात म्हटलंय : ‘वॉचमनकरिता खुर्ची ३०२ च्या सभासदांनी स्वखुशीने दिली. सर्वानुमते आभार.’ ३०२ म्हणजे मी. खुर्ची म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाची. मी ती खाली नेली होती, कारण नोटिशीत ‘बसण्यासाठी खुर्ची आपापली आणावी’ असं होतं.

सभा दहाची, म्हणजे साडेदहाची. गणसंख्या म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातला कमी आकडा. तोही भरत नाही. मग अर्धा तास तहकुबी आणि पुन्हा तीच सभा, या वेळी गणसंख्येच्या अटीशिवाय. वेळेवर येणारा माणूस इथे कायद्यानेच वेडा ठरतो. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकली की झालं.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग, अकरा लाख. सूचक? अनुमोदक? मंजूर! एका गृहस्थांनी कोटेशन उलटं धरलं होतं, त्यांनीही हात वर केला. पार्किन्सन नावाच्या इंग्रजाने १९५७ सालीच लिहून ठेवलंय की समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते. आमच्याकडे अणुभट्टी नाही, एवढंच.

विषय सहा निघाला आणि पहिल्या मजल्यावरचे काका उठले.

“हातांची की बिनहातांची?”

“प्लास्टिकची घेऊ ना काका, साधी,” खजिनदार म्हणाले.

“प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. हात आले की कोपर टेकतं. कोपर टेकलं की हनुवटी टेकते. आणि हनुवटी टेकली की...”

काकांनी बसून प्रात्यक्षिक दाखवलं. डोळे मिटले. प्रात्यक्षिक संपलं की काका खरंच झोपले, हे बराच वेळ कुणाला ठरवता येईना. मग एकदम डोळे उघडून म्हणाले, “बघितलंत?”

“स्टूल द्या,” एक काकू म्हणाल्या.

“पाठ धरली तर औषधाचे पैसे कोण देणार?”

हे सगळं चालू असताना वॉचमन आम्हाला चहा देत होता. बारा तासांची ड्यूटी, बसायला मीटर रूमची पायरी. मी म्हटलं, “त्यालाच विचारू या ना.”

“तो सभासद आहे का?” काका.

“नाही.”

“सहयोगी सभासद?”

“नाही हो काका, पण बसणार तो आहे!”

“बसणाऱ्याला मत नसतं. सभासदाला असतं.”

यावर टाळ्या पडल्या. टाळी वाजवायची म्हणून लोकांनी कप त्याच्याच ट्रेमध्ये ठेवले. मला अजूनही संताप येतो तो या टाळ्यांचा.

शेवटी तिघांची उपसमिती नेमली. तोवर तात्पुरती सोय म्हणून बिनहातांची खुर्ची शोधताना सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी थांबली. “ज्याचा कळवळा, त्याची खुर्ची,” काका म्हणाले. सूचक, अनुमोदक, मंजूर. मी ‘नको’ म्हणालो, तेही सर्वानुमतेत धरलं गेलं.

काल ग्रुपवर हरकत नोंदवली, तर खाली नुसते अंगठे आले. सेक्रेटरींनी कळवलं, हरकत पुढच्या वर्षी इतिवृत्त कायम करताना घेऊ.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो, तर गेटपाशी माझ्या खुर्चीत काका पेपर वाचत बसलेले आणि शेजारी वॉचमन उभा.

“काका, हे काय?”

“उपसमितीत आहे ना मी,” पेपरातून मान वर न करता काका म्हणाले. “झोप येते का बघतोय.”