रात्रीची काळजी कशी घ्यावी

काळजी करण्यासारखे आयुष्यात पुष्कळ असते. परंतु ती नीट कशी करावी, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. बहुतेक माणसे लोकलमध्ये लोंबकळताना, भाजी निवडताना, जमेल तेव्हा जमेल तशी काळजी करतात आणि दुपारपर्यंत ती विरून गेली की नव्याने सुरुवात करतात. काळजीचे पीक दिवसा उभे राहत असले तरी त्याची पेरणी रात्री करावी लागते आणि ज्याने आपली झोप मन लावून बिघडवली आहे त्याला पुढची मशागत फारशी करावी लागत नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षातच येत नाही. प्रस्तुत लेखक गेली बारा वर्षे या विषयात स्वतःवर प्रयोग करत आहे. त्या अनुभवाचा लाभ गरजूंना व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ संध्याकाळच्या पेल्यापासून करावा. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि रात्री डोळ्यांवर झापड येते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे कॅफिन या द्रव्याच्या जागा आधीच धरून बसते. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात; म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या कडक कॉफीचा अर्धा ऐवज मध्यरात्रीही अंगात शिल्लक असतो. शिवाय तिने छातीत जी धडधड होते ती कॉफीची आहे की घराच्या हप्त्याची, हे मनाला ओळखता येत नाही आणि ते उदारपणे हप्त्याचीच समजून चालते. ज्यांना मद्याचा आधार लागतो त्यांनीही निराश होऊ नये. मद्याने डोळा लवकर लागला तरी उत्तररात्री झोपेच्या चिंध्या होतात, तेव्हा हाही मार्ग योग्य मुक्कामालाच नेतो.

त्यानंतर अंथरुणावर पडून मोबाइल हाती घ्यावा. पडद्याच्या निळसर प्रकाशाने मेलाटोनिन या झोपेची वेळ झाल्याचे सांगणाऱ्या संप्रेरकाचे स्रवणे लांबते, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण आमच्या मते प्रकाशाला उगाच फार मोठेपणा दिला जातो. खरे काम मजकूर करतो. आमचेच उदाहरण सांगतो. एका बुधवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी साहेबांचा संदेश आला : ‘सकाळी जरा बोलायचंय.’ पूर्णविरामाच्या जागी पूर्णविराम, नमस्काराचे चित्र नाही, काही नाही. सामान्य माणसाने हा संदेश सकाळी वाचला असता. आम्ही तो रात्री अकरा वेळा वाचला, त्यातील ‘जरा’ या शब्दाच्या छटा तपासल्या, गेल्या तिमाहीतील आपल्या चुका सनावळीसह आठवल्या आणि पहाटे चारपर्यंत नोकरी जाऊन, गाडी विकून, मुलाची शाळा बदलून मोकळे झालो. सकाळी साहेबांनी आमच्या देवगडच्या आंबेवाल्याचा नंबर मागितला. म्हणून काय रात्रीचे काम वाया गेले? मुळीच नाही. दिवसभर डोके ठणकत होते आणि त्या भरात आम्ही दोन चुका अशा केल्या, की पुढच्या बुधवारी साहेबांना खरोखरच बोलावे लागले.

अंथरुणाविषयी एक इशारा द्यायला हवा. रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये असा उपाय मांडला, की पलंग केवळ झोपेसाठी राखावा, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि डोळे जडावल्यावरच परत यावे, म्हणजे शरीराला पलंग आणि झोप यांची पुन्हा सांगड घालता येते. हा उपाय चिंतेच्या मुळावर येणारा असून त्यापासून कटाक्षाने दूर राहावे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी ज्या वर्तनोपचाराची शिफारस केली, त्यातही याचा अंतर्भाव असतो; यावरून धोका किती पसरला आहे ते कळेल. आपण नेमके उलट वागावे. लॅपटॉप, वीजबिल, विम्याची फाइल, जावेशी चाललेला वाद, हे सारे पलंगावरच निपटावे. पुढे पुढे नुसती उशी दिसली तरी मार्चअखेर आठवेल.

रात्री दोननंतर गणिताचा तास सुरू होतो. घड्याळ पाहावे आणि ‘आत्ता झोप लागली तर चार तास चाळीस मिनिटे’ असा हिशेब मांडावा. वीस मिनिटांनी तो दुरुस्त करावा. झोप ही बोलावल्याने न येणारी आणि हाका मारल्याने तर दूर पळणारी वस्तू आहे, त्यामुळे तिच्यासाठी जितका जोर लावावा तितके यश निश्चित. ज्यांना मनातल्या मनात हिशेब जमत नाही त्यांच्यासाठी झोप मोजणारी मनगटी घड्याळे निघाली आहेत. त्यांच्या आकड्यांपायी झोप गमावणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की २०१७ मध्ये संशोधकांनी या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असे स्वतंत्र नाव दिले. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सकाळी ताजेतवाने उठतात, घड्याळातील ५८ गुण पाहतात आणि मग थकतात.

आता हे सारे कशासाठी, ते सांगतो. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. सोसायटीच्या वॉचमनप्रमाणे त्याचे काम शिट्टी वाजवण्याचे. कपाळामागचा भाग हा सेक्रेटरी; शिट्टी ऐकून तो गॅलरीत येतो आणि ‘अरे, मांजर आहे ते’ असे सांगून वॉचमनला गप्प करतो. झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये काही तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून त्यांना अप्रिय चित्रे दाखवली, तेव्हा झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डला ६० टक्क्यांनी अधिक पेटून उठला आणि सेक्रेटरीशी असलेला त्याचा संपर्क क्षीण झाल्याचे दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील वॉकर यांच्याच प्रयोगशाळेने २०१९ मध्ये असे दाखवले, की एका जागरणाने चिंतेची पातळी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते आणि गाढ झोप तिला खाली आणते. तात्पर्य, रात्रभर तुम्ही जागे राहिलात की दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी डुलक्या घेतो आणि वॉचमन प्रत्येक मांजरामागे शिट्टी वाजवत सुटतो. बायकोने ‘कधी येणार?’ विचारले, शिट्टी. बँकेचा संदेश आला, शिट्टी; तो कर्ज हवे का असे विचारणारा होता, ही गोष्ट वेगळी. संध्याकाळी या शिट्ट्यांचा गठ्ठा घेऊन तुम्ही पुन्हा अंथरुणावर येता आणि त्या मोजता मोजता पुन्हा दोन वाजतात. रहाटाला एकदा बैल जुंपला, की त्याला हाकायलाही कोणी लागत नाही.

रविवारचा सदुपयोग मात्र विसरू नये. आठवडाभर सहाला उठणाऱ्याने रविवारी साडेआठपर्यंत लोळावे, म्हणजे ठाण्याबाहेर पाऊल न टाकता शरीराला नैरोबीची वेळ लागते आणि दुपारी आमरस-पुरीवर दोन तास ताणून दिली, की रात्री बारालाही डोळे टक्क उघडे राहतात. सोमवारची धास्ती कचेरीमुळे येते असा अनेकांचा समज आहे. बिचाऱ्या कचेरीला एवढे श्रेय देण्याचे कारण नाही.

इतकी खबरदारी घेऊनही अपघात घडतात. गेल्या जूनमध्ये पहिल्याच वळवाच्या सरीला आमच्या भागातील वीज साडेनऊला गेली. मोबाइलची बॅटरी चार टक्क्यांवर होती, ती पावणेदहाला संपली. इन्व्हर्टर नाही, टीव्ही नाही, घड्याळ दिसत नाही. खिडकीतून ओल्या मातीचा वास आणि गार वारा. करण्यासारखे काहीच नसल्याने आम्ही सहज आडवे झालो आणि जाग आली ती थेट दूधवाल्याच्या बेलने. आठ तास गेले होते. हप्ता, साहेब, मुलाचे गणित, कोलेस्टेरॉल यांची आदल्या रात्री अर्धवट राहिलेली यादी आठवण्याचा मनापासून प्रयत्न केला. यादी आठवली, पण तिच्यात धार म्हणून उरली नव्हती. कोलेस्टेरॉलसाठी चालायला जावे, असा एक हास्यास्पद विचारही मनात येऊन गेला. बारा वर्षांची तपश्चर्या एका रात्रीत डळमळते की काय, अशी भीती वाटली. आणि ती भीतीसुद्धा पोहे खाऊन होईपर्यंतच टिकली.

त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन आम्ही वीस हजार एमएएचची पॉवरबँक घेऊन आलो.