स्पिटफायर आणि एरंडेल

खरं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडालं आणि पुढे त्यानं जर्मनांना घाम फोडला. बाल्सा लाकडाचं, रबराच्या पिळावर उडणारं छोटं स्पिटफायर फक्त बनवणाऱ्याला घाम फोडतं.

मुळात लढाऊ विमान ही गिरकी घेण्यासाठी आखलेली चीज. शेपूट लहान, पंख पोटाखाली. आत वैमानिक असला की ठीक, आपल्या विमानात असते फक्त हवा. जाणते लोक गुपचूप शेपटी थोडी मोठी करतात, पंखांची टोकं जरा जास्त वर उचलतात. पण आमच्यासारख्या मानी माणसांना तसूभर फरक खपत नाही.

बाल्सा इक्वेडोरकडचं, अतिशय हलकं लाकूड. ग्रॅमग्रॅम वाचवायचा म्हणून दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, वर टिश्यू कागद ताणायचा. पाणी फवारलं की तो वाळताना घट्ट होतो. पंख टाचण्यांनी जखडलेला नसेल तर सकाळी त्याचा पापड झालेला असतो. एवढी काटकसर करून शेवटी शेपूट जड भरते, म्हणून नाकात मातीचा गोळा कोंबायचा. सगळी बचत उडाली! त्या आठवड्यात उडालेली ती एकमेव गोष्ट.

मग रबर. त्याचा पीळ उलगडतो तसा नाकावरचा पंखा फिरतो. पीळ सुरळीत बसावा म्हणून त्याला एरंडेल चोळतात. टेबलावर बाटली दिसली की सासूबाई काळजीनं विचारतात, "जावईबापू, पोट बरं आहे ना?"

पीळ भरायला दोन माणसं लागतात. बायको विमान धरते. मी रबर चौपट ताणून, हातड्रिलनं फिरवत, हळूहळू पुढे सरकतो.

"अहो, हे तुटलं तर?"

"सांगाडा आतून फुटेल."

"आणि माझी बोटं?"

या प्रश्नाचं उत्तर विमानाच्या कुठल्याच आराखड्यावर छापलेलं नसतं.

१८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकानं रबरावरचं विमान अकरा सेकंद उडवलं होतं. माणूस हुशार; त्यानं लढाऊ विमानाच्या नादी न लागता साधी काठी, पंख आणि शेपूट एवढ्यावर भागवलं. मी अजून त्या अकरा सेकंदांच्या मागे आहे.

वारा पडलेला बघून सोसायटीच्या मैदानात जातो. पंखा उजवीकडे फिरतो, म्हणून विमान डावीकडे कलतं. त्यावर उपाय म्हणजे नाकाच्या ठोकळ्यामागे काडेपेटीच्या काडीची पाचर. ती सारून सोडलं, तर ते ऐटीत चढलं, पोरांच्या क्रिकेटवरून वळलं आणि थेट शेजारच्या बंगल्यात शिरलं.

"काका," विकेटकीपर ओरडला, "भिंतीपलीकडे गेलं की आउट! आणि आणायचं पण तुम्हीच!"