भाजीचा वाफा ‘झाडून मोकळा’ करायची एवढी घाई कशाला?

थंड प्रदेशांत उन्हाळा सरून हवेत गारवा आला की भाजीबाग करणाऱ्यांत एक सल्ला सगळीकडे फिरू लागतो. पाठवणारे बदलतात, मजकूर साधारण तोच: ‘हंगाम संपला. वाफ्यातलं सगळं मुळासकट उपटा, जमीन खोल खणून पालथी घाला, पाचोळा फेकून द्या, माती उघडी ठेवा. थंडीने रोग-कीड मरेल आणि जमिनीला विश्रांती मिळेल.’ सामूहिक भाजीबागेत तर यावरून माणसंही जोखली जातात. ज्याचा वाफा उघडाबोडका तो कष्टाळू, बाकीचे आळशी! या सल्ल्यातला एक तुकडा खरा आहे, त्याकडे येतोच. बाकीचा मला पटत नाही.

‘हंगाम संपला.’ कुणाचा? शरदाच्या सुरुवातीला माती अजून कोमट असते, बी झटकन उगवतं. लहान मुळा 25 ते 30 दिवसांत काढायला येतो, पालक त्याहून थोडा उशिरा. फक्त दिवस लहान होत असल्याने पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत आठ-पंधरा दिवस मिळवायचे आणि दव गोठायच्या अंदाजे तारखेपासून मागे मोजायचं. केलसारख्या (कोबीच्या कुळातली पालेभाजी) भाज्या थंडी लागल्यावर पानांत साखर साठवतात, म्हणजे त्यांची खरी चव पुढेच आहे. कडक थंडीच्या प्रदेशात लसूण लावतात तोच मुळी शरदात, कारण गारठा मिळाला नाही तर गड्ड्यात पाकळ्या नीट सुटत नाहीत.

टोमॅटोचं झाड उपटण्याची घाई तर अनाकलनीय आहे. पहिल्या कडाक्याच्या महिनाभर आधी शेंडा खुडा, नवी फुलं काढा. झाडाची ताकद लागलेल्या फळांकडे जाते. पूर्ण वाढलेली हिरवी फळं घरातही पिकतात. ती खिडकीत उन्हात मांडून ठेवायची गरज नाही, पिकवण्याचं काम इथिलीन वायू करतो. मात्र 10 अंश सेल्सियसच्या खाली फार दिवस राहिली तर चव जाते, म्हणून फ्रिज नको.

‘सगळं मुळासकट उपटा.’ शेंगवर्गीय वेल जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या. मुळांच्या गाठींत नत्राचा मोठा साठा उरतो, असं याच्या बाजूने सांगितलं जातं. तेही जरा फुगवलेलंच, कारण शेंगा पिकेपर्यंत बराचसा नत्र दाण्यांत गेलेला असतो. खरा फायदा वेगळा आहे: कुजणारी मुळं मातीत पोकळ वाटा सोडतात, त्यांतून पाणी आणि हवा खेळते. अपवाद रोगट मुळांचा. कोबीवर्गातल्या झाडांची मुळं सुजून गाठाळलेली दिसली, तर ती एकूण एक काढा. त्या रोगाचे बीजाणू मातीत दहा वर्षांहून अधिक काळ टिकतात.

‘खोल खणा.’ खणल्याने काही किडी वर येऊन मरतात, हे खरं. पण खाली गाडलेलं तणाचं बीही उजेडात येतं आणि उगवतं, गांडुळांची बिळं मोडतात, बुरशीचं जाळं तुटतं. जड चिकणमातीची ढेकळं गारठ्याने फुटावीत म्हणून ती खणून ठेवण्याची रीत जुनी आहे, तिला अर्थही आहे. नवा, तुडवून घट्ट झालेला वाफा असेल किंवा खोल मुळांचं तण माजलं असेल, तरीही कुदळ हवीच. दरवर्षी भुसभुशीत राहणारा वाफा मात्र वरून कंपोस्ट पसरून सोडून द्यावा.

‘माती उघडी ठेवा, विश्रांती मिळेल.’ मातीतले जीव मुळांतून झिरपणाऱ्या अन्नावर जगतात; उघडी माती म्हणजे त्यांची उपासमार. शिवाय नायट्रेट, म्हणजे झाडं शोषून घेतात ते नत्राचं रूप, मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. शोषून घ्यायला झाडच नसेल, तर पावसाबरोबर ते खाली निघून जातं. म्हणून रिकाम्या जागी राय (गव्हासारखं एक धान्य) किंवा क्लोव्हर (शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक) पेरा. मोहरीही चालते, पण ती कोबीच्याच कुळातली, तेव्हा गाठीचा रोग असलेल्या वाफ्यात नको. पाचोळा नत्र खातो, ही भीती तो मातीत मिसळला तर रास्त. वर पसरला तर नाही. गोगलगायी त्याखाली दडतात, हे मान्य. कोवळ्या रोपांभोवतीची जागा मोकळी ठेवा, एवढंच.

आता तो खरा तुकडा: रोगट झाडं काढलीच पाहिजेत. सल्ला देणारे सुक्याबरोबर ओलंही जाळतात, ही तक्रार आहे. टोमॅटो-बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा बहुतेक ठिकाणी जिवंत पेशींवरच तग धरतो. त्यामुळे वाळलेल्या पानांपेक्षा जमिनीत विसरलेला बटाटा अधिक धोक्याचा. तो शोधून काढण्यात वेळ घाला. रोगट पाला सामाईक कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. बीजाणू मरायला ढीग निदान तीन दिवस 55 अंशांच्या वर तापावा लागतो. रोज मूठभर भर पडणारा ढीग तेवढा क्वचितच तापतो.

बी धरलेल्या तणालाही हेच लागू. रानमाठाच्या जातीचं एक जोमदार झाड लाखभर बी टाकू शकतं, आणि ते शेजाऱ्याची हद्द ओळखत नाही. म्हणून नीटनेटकेपणाची हौस असेल, तर आधी वाफ्यांमधल्या पायवाटा खुरपा. तिथलं तण कुणाच्याच वाट्याचं नसतं आणि म्हणूनच बी धरेपर्यंत उभं राहतं.