सर, ती पाचर त्या पोराने ठोकली नव्हती

सर, माझ्या मागच्या पोस्टवरच्या कमेंटखाली नाव टाकलं नाही तुम्ही म्हणून नुसतं सर म्हणतो. बुटीबोरी एमआयडीसीत पंचवीस वर्षं सेफ्टी सांभाळली म्हणता, म्हणजे माझ्यापेक्षा सीनियरच. प्रेसवर, म्हणजे पीस दाबून घडवणाऱ्या मशीनवर, दोन बोटं गेलेल्या पोराबद्दल मी लिहिलं, त्यात सगळं खापर मॅनेजमेंटवर फोडलं असं तुमचं म्हणणं. "८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात हे सायन्स आहे, नागपूरकर पोलीस दिसल्याशिवाय हेल्मेट घालत नाही, त्याला कंपनी काय करणार?"

हेल्मेटचं मान्य बाप्पा. मी पण हिंगणा टी पॉइंट येईपर्यंत हँडललाच लटकवत होतो. दारू पिऊन शिफ्टला येणारेही पाहिलेत, त्यांची बाजू मी घेत नाही.

पण ते ८८ आलं कुठून ते पाहा ना. हाइनरिक नावाचा अमेरिकन माणूस, इन्शुरन्स कंपनीत नोकरीला, त्याने १९३१ च्या पुस्तकात मांडलं की ८८ टक्के माणसाची चूक, १० टक्के मशीन नाहीतर जागेचा दोष, २ टक्के टाळता न येणारे. काढलं कशावरून, तर क्लेमच्या फायली आणि कारखान्यांमधले अपघाताचे रिपोर्ट. आता असा रिपोर्ट आपल्या इकडे भरतं कोण? सुपरवायझर. म्हणजे मी.

मागच्या वेळी लिहायची हिंमत झाली नाही ते आता लिहितो. त्या पोराच्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" लिहिलंय ते अक्षर माझं आहे. पाच मिनिटं पण नाही लागली.

प्रेसला दोन बटणं, दोन्ही हातांनी दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येणार, हात डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, राहूच नये म्हणून. डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली, वरून काळी टेप, टेपवर तेलाचा थर इतका जुना की नखाने खरवडावा लागला. डावा हात मोकळा, त्याने पीस सरकवायचा, उजव्याने बटण. नवीन कंट्रोलला दरवेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदमच दाबावी लागतात, त्यात अशी पाचर चालत नाही. आमचं मशीन जुनं, कंट्रोल बदलायचं कोटेशन मीच मागवलं होतं, "पुढच्या वर्षी पाहू" झालं.

पोरगं कामावर लागलं तेव्हा पाचर होतीच. त्याला मशीन शिकवलं तेच पाचरीसकट. अन् टार्गेट शिफ्टला २४०० पीस. अपघातानंतर मी घड्याळ लावून मोजलं, दोन्ही हातांनी चालवलं तर कितीही चांगला ऑपरेटर असू द्या, १७०० च्या वर जात नाही. मग २४०० आलं कुठून? टार्गेट ठरवायला टायमिंग घेतलं तेव्हाही पाचर होती म्हणून, अन् इन्सेंटिव्ह त्याच आकड्यावर. भिंतीवर मात्र "दोन्ही हात वापरा" चा बोर्ड.

पाचर काढली, चार दिवस सगळे दोन हातांनी चालवून राहिले होते, पाचव्या दिवशी डिस्पॅचचा फोन, माल कमी काऊन? बोर्डावर २४०० तसंच. आठवड्याभराने बाजूच्या प्रेसवर पाचर दिसली. मी पाहिली अन् पुढे गेलो, हे पण लिहून टाकतो.

तुम्ही फॅक्टरी ॲक्टचं कलम १११ सांगितलं, कामगाराने सुरक्षेच्या साधनाशी छेडछाड करू नये. बरोबर, होतं. पण त्याच कायद्यात, २०२५ पर्यंत तोच लागू होता, कलम २१ पण होतं, मशीनचा धोक्याचा भाग झाकून ठेवणं बंधनकारक, अन् भोपाळच्या गॅसकांडानंतर १९८७ ला टाकलेलं ७ए, कामगाराची सुरक्षा ही कारखाना चालवणाऱ्याची जबाबदारी. भोपाळलाही युनियन कार्बाइडने हेच म्हटलं होतं, नाराज कामगाराने मुद्दाम विषारी रसायनाच्या टाकीत पाणी सोडलं. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन कित्येक महिने बंद होतं, ते कोण्या कामगाराने बंद केलं होतं?

तुमच्या प्लांटवर पोरं सेन्सर बायपास करतात असं लिहिलंय तुम्ही. एकदा सेन्सर चालू ठेवून शिफ्ट चालवून पाहा, टार्गेट निघते का. निघत असेल तर मला इथेच सांगा, माझी चूक कबूल करीन.

पोरगा आता स्टोअरला आहे. तो रिपोर्ट बदलला का म्हणाल तर नाही, फाइल बंद झाली.